बहलोलखानाचं शिरस्त्राण: डोक्यावर नीट बसवण्याच्या नोंदी

४ जानेवारी

फेब्रुवारीच्या प्रयोगासाठी आज सामानाची पेटी काढली. तलवारी, ढाली, कमरबंद सगळं जागच्या जागी आहे, काम आहे ते एकाच वस्तूवर, खानाचं शिरस्त्राण. नाटक प्रतापराव गुजरांचं, म्हणजे १६७३ ची उमराणीची लढाई आणि मग २४ फेब्रुवारी १६७४ ची नेसरीची. आमच्या नाटकात मराठ्यांकडच्या सगळ्यांना मुंडासं नाहीतर फेटा असतो, त्यामुळं धातूचा टोप काय तो आदिलशाही सरदाराला, बहलोलखानाला. अख्ख्या नाटकात एकच शिरस्त्राण आणि ज्याच्या डोक्यावर ते असतं त्यालाच ते नकोसं झालंय.

वस्तू दिसायला मात्र सुंदर आहे. फायबरचा घुमट, वर टोक, कपाळासमोर खालीवर सरकणारी पितळी नाकपट्टी, दोन बाजूंना तुरा खोचायच्या नळ्या आणि कानांवरून मानेपर्यंत लोखंडी कड्यांची झालर. त्या काळातले हिंदुस्थानी टोप असेच असायचे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या वेबसाइटवर दख्खनी टोपांचे फोटो आहेत, झूम करून बघितले की कडी घुमटाच्या काठाला कशी ओवलीय तेही दिसतं. आमच्या मूर्तिकारानं घुमट छान ओढलाय. आत मात्र सोफ्याचा फोम चिकटवलाय, काठापासून वरपर्यंत सगळीकडं एकाच जाडीचा, आणि सगळा त्रास तिथंच आहे असं मला वाटतंय.

खानाचं काम करणारा दादा म्हणाला, "ताई, अर्ध्या तासानं कपाळात खिळा ठोकल्यागत हुतंय, पुढचं वाक्य आठवायचं का डोकं धरायचं?" हे ऐकल्यावर विषय संपला. नटाचं लक्ष डोक्याकडं गेलं की त्याचा खान राहत नाही. हे नीट करायचंच.

६ जानेवारी

आज फक्त वजनं आणि मापं. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सगळं सुटं करून ठेवलं. घुमट ६२० ग्रॅम, नाकपट्टी ९०, झालर १ किलो १५०. म्हणजे पावणेदोन किलोच्या वर जातं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन झालरीचंच. खरे लोखंडी टोप एक ते दोन किलोच्या घरात असायचे, म्हणजे आमचा नटही जवळजवळ खरंच वजन वागवतोय, फक्त सैनिकाला आयुष्यभराची सवय असायची आणि आमचा दादा दिवसभर बँकेत बसून संध्याकाळी तालमीला येतो.

मग डोकं. टेपनं घेर ५८ सेंटीमीटर आला पण नुसत्या घेरावर थांबायचं नाही. दोन सुतारी गुण्या टेबलावर उभ्या धरून कपाळ ते मागचा उंचवटा मोजलं, २० सेंटीमीटर, आणि कानाच्या वर आडवं १६.५. घुमट काठाशी आतून गोल, २२.५ सेंटीमीटर व्यासाचा. आता हिशोब बघा, पुढं आणि मागं प्रत्येकी सव्वा सेंटीमीटर जागा आणि दोन्ही बाजूंना तीन तीन सेंटीमीटर. डोकं लांबट आणि टोप गोल! अशा टोपात सगळीकडं दीड सेंटीमीटर फोम लावला तर कपाळावर तो चेपून दगड होणार आणि बाजूला सैल राहणार, आणि सैल आहे म्हणून कुणीतरी अजून फोम कोंबणार, की कपाळावर अजून दाब. रेडिमेड हेल्मेटच्या बाबतीतही असंच असतं, साइज बरोबर असून टोचतं तेव्हा आकार जुळत नसतो.

८ जानेवारी

दाब नक्की कुठं येतोय ते डोळ्यांनी बघायचं होतं. दादाला काळी सुती टोपी घातली, आतल्या फोमवर पांढऱ्या रांगोळीचा हलका हात फिरवला, टोप घालून पाच मिनिटं चालायला, वाकायला, मुजरा करायला लावलं. काढल्यावर टोपीवर कपाळाच्या मधोमध सुपारीएवढा घट्ट पांढरा ठिपका, मागं उंचवट्यावर एक पुसट पट्टा आणि बाकी सगळी टोपी काळीच्या काळी. म्हणजे पावणेदोन किलोचा बहुतेक भार दोन ठिकाणांवर. कुणाला हेल्मेट, मुकुट, मुखवटा काहीही बसवायचं असेल तर आधी हे करून बघा, अंदाजानं फोम कापत बसण्यापेक्षा खूप लवकर कळतं.

सगळा फोम खरवडून काढला. खाली फायबरची आतली बाजू कच्चीच सोडलेली होती, काचेचे बारीक तंतू वर आलेले, हात लावला की खाज. आधी कोरड्या १२० नंबर पेपरनं ते बसवले, मग पाणी मारून २२० चा वॉटर पेपर, पुसून रेझिनचा एक पातळ हात. हे काम गॅलरीत, मास्क लावून आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, आणि तो शर्ट वेगळा धुवायचा. फायबरची धूळ फुप्फुसात गेलेली चांगली नाही, यात हयगय नको.

१२ जानेवारी

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात गेले. तिथं फाउंड्र्या, लेथवाले, सगळा कारखान्यांचा पसारा, त्यामुळं सेफ्टीचं सामान विकणारी दुकानंही आहेत. कामगारांचं पिवळं हेल्मेट घेतलं, मागं गोल नॉब फिरवून घट्ट करायचं असतं ते रॅचेटवालं. मला हवी होती ती फक्त त्याच्या आतली पट्ट्यांची जाळी.

माझं म्हणणं सगळ्यांना तेच सांगत होते आणि इथंही लिहून ठेवते. टोप डोक्याला टेकताच कामा नये. डोक्याला टेकायचा तो पट्टा, आणि टोप त्या पट्ट्यावर टांगायचा. कारखान्यातलं हेल्मेट असंच असतं, कवच आणि टाळू यांच्यात मोकळी जागा ठेवलेली असते, वरून काही पडलं तर पट्ट्या ताणून धक्का खातात. आम्हाला धक्क्याशी देणंघेणं नाही पण त्याच रचनेमुळं दोन गोष्टी आयत्या मिळतात, भार डोक्याच्या सगळ्या घेरावर आणि टाळूवरच्या पट्ट्यांवर वाटला जातो आणि मधून हवा फिरते. फोम हे दोन्ही करत नाही, उलट गरम होतो आणि घाम पिऊन बसतो.

अर्थात ही जाळी काढलेलं रिकामं कवच आता सेफ्टी हेल्मेट राहिलेलं नाही. त्याच्यावर मार्करनं मोठ्ठं "निकामी" लिहून ठेवलं, नाहीतर मंडप बांधताना कुणीतरी उचलून डोक्यावर घालायचं.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. फक्त संध्याकाळी घुमटावर पेन्सिलनं चार खुणा केल्या.

१८ जानेवारी

जाळीच्या टोकांना प्लास्टिकचे खटके असतात ते त्या त्या हेल्मेटच्याच खाचेत बसतात, आमच्या घुमटात अशी खाच नाही. उद्यमनगरातल्या फॅब्रिकेशनवाल्या काकांना चित्र काढून दाखवलं, त्यांनी २ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचे चार छोटे टॅब वाकवून दिले, प्रत्येकाला खटका अडकेल अशी फट कापून. "कशाला पायजे?" म्हणाले, बहलोलखानाला म्हटल्यावर पैसे घ्यायलाच तयार नव्हते, मी बळंच दिले.

टॅब बसवताना घुमटाला भोकं पाडावी लागणार आणि ती बाहेरून दिसणार. पण जुन्या टोपांवर रिव्हेटचे डोके दिसतातच, त्यामुळं लपवायचं कशाला, सरळ पितळी रिव्हेट वापरले. चार खरे, भार घेणारे, आणि मध्ये आठ नुसते शोभेचे, असा बारा रिव्हेटचा गोल काठाच्या वर फिरवला. टोप आधीपेक्षा देखणा दिसायला लागला, खरंच. भोक पाडताना दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, ड्रिल हळू आणि मागं लाकडाचा ठोकळा, म्हणजे फायबरचे पापुद्रे उडत नाहीत. भोकांच्या कडांना रेझिनचा थेंब.

पट्टा कपाळावर किती खाली येतो हे टॅबच्या उंचीवर ठरतं. भुवयांच्या वर दोन बोटं जागा राहिली पाहिजे. यापेक्षा खाली गेला तर नट भुवया उंचावतो तेव्हा अख्खा टोप हलतो आणि आमचा दादा डोळ्यांनी आणि भुवयांनीच निम्मं काम करतो. मागं रॅचेटचा नॉब घुमटाच्या काठाखाली येतो, डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली जिथं खोलगट भाग असतो तिथं. हीच जागा महत्त्वाची, तिथं पट्टा अडकला की वाकल्यावर टोप पुढं घसरत नाही. नॉब झालरीमागं झाकला जातो, प्रेक्षकांना दिसायचा प्रश्न नाही.

टाळू आणि घुमट यात साधारण अडीच सेंटीमीटर जागा ठेवली. जास्त ठेवली तर टोप डोक्यावर उंच चढल्यासारखा दिसतो, मग राजेशाही थाट जातो. आरशासमोर दादाला उभं करून टाळूवरच्या पट्ट्या एकेक घर कमी करत ही जागा ठरवली.

२१ जानेवारी

आता झालर. लोखंडाची घनता ७.८५, अ‍ॅल्युमिनियमची २.७, म्हणजे त्याच मापाच्या कड्या अ‍ॅल्युमिनियमच्या केल्या तर वजन जवळजवळ एक तृतीयांश. नाटका-सिनेमात सुतळी विणून तिच्यावर चंदेरी रंग मारायचीही पद्धत आहे, लांबून दिसतं छान आणि वजन नगण्य, पण आमचा प्रेक्षक पहिल्या रांगेत रंगमंचापासून चार हातांवर बसतो आणि खानानं मान वळवली की झालर जशी लगेच न थांबता थोडी पुढं सरकून मागं येते ते सुतळीत येत नाही. अ‍ॅल्युमिनियम ठरलं.

तार सळईवर गुंडाळून, कापून कड्या केल्या, आता मंडळातल्या पोरी दोन दोन पकडी घेऊन बसल्यात. एका कडीत चार कड्या ही साधी वीण आहे, हात बसला की गप्पा मारत मारत होते.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून थेट कामाला. झालर विणून झाली, काट्यावर ४०० ग्रॅमच्या आसपास. जुनी ११५०! हातात घेतल्यावर पोरींनाच विश्वास बसेना.

लांबीवर मात्र बराच वेळ गेला आणि जायलाच हवा होता. झालर खांद्यावर टेकली की मान वळवताना ती कापडावर अडकते आणि टोपाला मागं ओढते, डोकं डावीकडं आणि टोप समोर असा प्रकार होतो. जुन्या टोपांची झालर खाली सरळ कापलेली नसते, टोकं टोकं असतात, गालांजवळ पुढं दोन आणि मागं मानेवर लांब. मला ती आजवर शोभेची वाटायची, पण खांद्याच्या जागी झालर आखूड करून आणि पुढंमागं टोकं सोडून बघितली तर मान बिनधास्त फिरते. खांदा मोकळा, मान झाकलेली. हे ज्या कारागिरांनी बसवलं त्यांनी नक्की माणसाच्या डोक्यावर घालून, त्याला मान वळवायला लावून बसवलं असणार.

अ‍ॅल्युमिनियमच्या दोन कटकटी आहेत. घासलं की काळपट करडं पावडरसारखं सुटतं आणि अंगरख्याच्या गळ्याला डाग पडतात, आणि नवं असताना जरा जास्तच पांढरं चमकतं. पहिल्यासाठी भांड्याच्या साबणाच्या गरम पाण्यात खळबळून धुतलं आणि दुसऱ्यासाठी काळा अ‍ॅक्रेलिक पाणीदार करून लावला आणि लगेच पुसून काढला, खाचांत काळं राहतं, वर धातू दिसतो.

३० जानेवारी

तोल. टोपाच्या टोकाच्या स्क्रूला दोरी बांधून पंख्याच्या हुकाला टांगला. टोप मागं कलला, साहजिक आहे, झालर बाजूंना आणि मागं आहे, समोर फक्त नाकपट्टी. डोक्याचा स्वतःचा भार मानेच्या सांध्याच्या किंचित पुढं असतो आणि मानेमागचे स्नायू तो धरून ठेवतात. टोप मागं ओढायला लागला की नट नकळत हनुवटी खाली आणतो आणि मग आवाज घशात अडकतो. गेल्या वर्षी खानाची वाक्यं मागच्या रांगेला नीट पोचत नव्हती त्याचं एक कारण हेही असावं असं मला आता वाटतंय.

नाकपट्टी पितळेची बदलून हलकी करायचा विचार होता, तो सोडला. ते ९० ग्रॅम समोर आहेत तेच बरं आहे, मागच्या झालरीला तोल देतात. त्याऐवजी टॅबच्या फटी थोड्या लांब करून सगळा घुमट पट्ट्यावर ५ मिलिमीटर पुढं सरकवला. पुन्हा दादाच्या डोक्यावर घालून बघितला, आता मागं ओढणं जवळजवळ थांबलं.

नाकपट्टी नाकापासून दीड सेंटीमीटर लांब ठेवलीय. समोर पट्टी आली तर दिसणार कसं असं सगळ्यांना वाटतं पण दोन्ही डोळे उघडे असले की ती मधली पट्टी आडवी येत नाही, एका डोळ्याला जे झाकलं जातं ते दुसऱ्याला दिसतं. लढाईच्या वेळी फक्त जवळचा वार हनुवटीखालून आला तर उशिरा दिसतो, म्हणून तलवारबाजी बसवणाऱ्या सरांना सांगितलं, खानावर खालून येणारा वार काढून टाका. त्यांनी लगेच बदलला.

३ फेब्रुवारी

मेकअपवाले काका आज पहिल्यांदा तालमीला आले आणि त्यांनी बरोबर जिथं दुखतं तिथंच बोट ठेवलं. "हनुवटीखालनं पट्टा बांधणार असाल तर दाढीचं काय करू सांगा." दाढी क्रेपची, स्पिरिट गमनं चिकटवलेली, पट्ट्यानं घासली की सुटायला लागते, आणि कड्यांत क्रेपचे केस अडकून उपटतात ते वेगळंच.

हनुवटीचा पट्टा काढूनच टाकला. मागच्या खोलगट भागात रॅचेट बसलंय म्हटल्यावर त्याची गरज उरत नाही, दादाला वाकवलं, गुडघ्यावर बसवलं, जिना उतरवला, टोप जागचा हलला नाही. घोड्यावर बसायचं असतं, किंवा उड्या असत्या, तर मी पट्टा ठेवलाच असता, तोही कानापुढं एक आणि कानामागं एक असा चार ठिकाणी जोडलेला, कारण एकाच ठिकाणाहून निघालेल्या पट्ट्यावर टोप पुढंमागं झुलतो.

झालरीला आतून काळ्या मलमलचं अस्तर लावलं, फक्त वरच्या काठाला आणि कडेला टाके, मध्ये मोकळं, म्हणजे कड्या आपल्या हलत राहतात. केस अडकायचे थांबले, डाग थांबले, आणि कड्यांची खळखळही कमी झाली. दादाला कानावर अस्तर आल्यामुळं जरा कमी ऐकू येतंय, म्हणून कानासमोर अस्तरात जाळीचं कापड लावून बघणार आहे.

६ फेब्रुवारी

घाम. रंगमंचावरचे लाइट, वरून जरीचा अंगरखा. कुणीतरी छोटा पंखा बसव म्हणालं, कॉम्प्युटरमधला ३० मिलिमीटरवाला पॉवर बँकवर चालतो तो. मुखवट्यात, जिथं तोंड पूर्ण बंद असतं तिथं मी नक्की लावेन, काच धुरकट होते तिथंही. इथं नको. तोंड उघडं आहे आणि पंख्याची घरघर माइकमध्ये जाईल. गरम हवा वर जाते, तिला वाट दिली की झालं. टोकाच्या खाली जी फुलाची पितळी तबकडी आहे ती काढून तिच्याखाली घुमटाला सहा भोकं पाडली आणि तबकडी दोन वॉशर घालून जराशी उचलून बसवली. बाहेरून काहीही दिसत नाही. टाळूवर मोकळी जागा असल्यामुळंच हे चालतं, फोम असता तर भोकं नुसती शोभेला.

कपाळपट्टीचं रेक्झिन काढलं, त्यानं पुरळ येतं. चप्पल लाइनीतल्या मामांकडं मेंढीच्या मऊ कातड्याची पट्टी मागायला गेले होते तर त्यांनीच सांगितलं, "कातडं घामानं भिजून वाळलं की कडक हुतंय, कपाळाला लावू नगा, काठाला लावा." मग घुमटाच्या काठाला कातड्याची गोट त्यांच्याकडूनच शिवून घेतली आणि कपाळाला टॉवेलच्या कापडाची पट्टी, वेल्क्रोवर, काढून धुता येणारी. वेल्क्रो नुसत्या गोंदावर टिकत नाही, उष्णतेनं गोंद मऊ पडतो, पट्ट्याला दोन कडांनी शिवूनच टाकायचा.

९ फेब्रुवारी

उमराणीचा प्रवेश. खानाचं पाणी तोडलंय, सैन्य तहानेनं व्याकूळ, आणि खान तहाची बोलणी करायला येतो तेव्हा टोप स्वतःच्या हातानं काढतो. नाटकातली ही माझी सगळ्यात आवडती जागा आहे. गेल्या वर्षी टोप काढताना तो कपाळाला घट्ट चिकटलेला असायचा, दोन्ही हातांनी हिसका द्यावा लागायचा आणि सगळा क्षण वाया जायचा.

यावर्षी माइक कपाळाशी लावायचं ठरलंय आणि साउंडवाल्यानं तो टोपाच्या काठाला आत लावला होता, म्हणजे टोप काढला की आवाजही गेला असता! माइक आता आतल्या सुती टोपीला शिवलाय, वायर मानेमागनं खाली. टोपी पातळ, दुहेरी मलमलची, मध्ये रुईचा अगदी हलका थर, तीच घामही घेते.

रॅचेट नेहमीपेक्षा एक घर सैल ठेवायचं, टोप एका हातानं पुढून उचलला की सुटतो, झालर मागं खांद्यावरून घसरत येते. दादानं तो सावकाश काढला, काखेत धरला आणि मग काही क्षण काही बोललाच नाही. तालीम बघणारी पोरंटोरं एकदम चिडीचूप. परत घालताना आरसा लागत नाही, आधी कपाळ टेकवायचं, मग मागचा पट्टा खाली ओढायचा. हे त्याला डोळे मिटून करायला लावलं, आता हात आपोआप जातो.

१३ फेब्रुवारी

रंगीत तालीम, पूर्ण वेशात, सलग. मध्यंतरापर्यंत टोप काढलाच नाही, उमराणीचा प्रवेश सोडला तर. कपाळावर रुंद फिकट पट्टा उमटला होता, चहा पिऊन होईपर्यंत गेलाही. जुना ठिपका कुठंच नाही. एकूण वजन सव्वा किलोच्या आतबाहेर. दादाला विचारलं कसं वाटतंय तर म्हणाला, "टोपाचं ध्यानातच न्हाई आलं, ताई, आता ती नेसरीची एन्ट्री परत बघूया का, मला तिथं चाल बदलायचीय."

रांगोळीची चाचणी परत केली. आता पांढरा पट्टा कपाळभर आणि मागंही सलग, फक्त डाव्या कानाच्या वर एका ठिकाणी जास्त, तिथं टॅबची कड लागत होती. कानस मारून गोल केली.

राहिलेली कामं: कानासमोरचं जाळीचं कापड. सुती टोप्या अजून दोन शिवायच्या आणि मेकअपवाल्या काकांकडं द्यायच्या, कारण दोन प्रयोग लागोपाठ असले तर पहिली वाळत नाही. प्रयोगानंतर टोप लगेच पेटीत कोंबायचा नाही, रात्रभर खुंटीवर उलटा टांगायचा, हे मोठ्या अक्षरात पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलंय. आणि रॅचेटचा नॉब प्लास्टिकचा आहे, दात झिजतात, तसली आणखी एक जाळी आणून पेटीत टाकून ठेवायची.